गच्चीकर

गच्चीकर डोंबिवलीला तळमजल्यावर राहतात. खिडकीसमोर स्कूटरी, स्कूटरींच्या मागे सोसायटीची भिंत, भिंतीवर 'येथे कचरा टाकू नये' आणि त्याखाली कचरा. घरात स्टुलावर चढून पंखा पुसायची वेळ आली, की त्यांना गरगरतं. वहिनींनी माळ्यावरची पातेली काढायला सांगितली, तर ते मला हाक मारतात. पण फोर्टातल्या एखाद्या जुनाट इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला टेकवलेल्या गंजक्या शिडीच्या शेवटच्या पायरीवर, एका हातात कॅमेरा आणि दुसऱ्या हातात नळाचा पाइप धरून हेच गृहस्थ अर्धा-अर्धा तास उभे राहतात. कारण तिथून बोरीबंदरचा घुमट दिसतो.

गच्चीकर हे अर्थातच त्यांचं खरं आडनाव नाही, आणि ते एकटेही नाहीत. जिथे म्हणून एखादी नावाजलेली वास्तू आहे, तिथे आसपासच्या गच्च्यांवर ही जमात सापडते. ताजमहालासाठी ती ताजगंजातल्या हॉटेलांच्या गच्च्यांवर एका चहावर तास काढते. आयफेल टॉवरसाठी ती 210 मीटर उंच मोंपार्नास टॉवरवर जाते, कारण खुद्द आयफेलवर चढलं तर फोटोत आयफेल येत नाही. (हा मुद्दा गच्चीकर दर भेटीत नव्याने सांगतात.) आमच्या वाट्याला आलेले गच्चीकर व्हीटीचे, म्हणजे त्याच बोरीबंदरच्या स्टेशनचे. स्टेशनचं नाव 1996 साली बदललं, 2017 साली त्यात 'महाराज' आलं. दोन्ही वेळा त्यांनी आधी अल्बमांवरची आणि मग संगणकातल्या फोल्डरांवरची नावं इमानाने बदलली. तोंडातलं व्हीटी मात्र गेलं नाही.

त्यांच्या शास्त्राचं पहिलं सूत्र असं, की इमारत ही रस्त्यावरून बघायची वस्तू नाही. रस्त्यावर उभं राहून घुमट फोटोत घ्यायचा, तर कॅमेरा वर करावा लागतो. कॅमेरा वर झाला, की उभ्या रेषा वरच्या अंगाला एकमेकींकडे कलतात आणि अख्खी इमारत मागे रेलल्यासारखी दिसते. तेच इमारतीच्या निम्म्या उंचीवर जाऊन उभे राहा. कॅमेरा सरळ, रेषा सरळ, खांब खांबासारखे. यात चुकीचं काही नाही. पण "टिल्ट-शिफ्ट लेन्स मिळते की बाजारात, ती लावली तर जमिनीवरूनही रेषा सरळ येतात म्हणे," असं मी एकदा बोलून गेलो, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते पंढरीला हेलिकॉप्टरने जाता येतं असं सांगणाऱ्याकडे वारकरी बघेल तसं.

दुसरं सूत्र उन्हाचं. स्टेशनचं तोंड पश्चिमेला. त्यामुळे सकाळचं ऊन इमारतीच्या पाठीवर पडतं आणि दर्शनी बाजू काळवंडलेली राहते. दुपार कलली, की मालाडचा तो पिवळसर दगड उजळायला लागतो. ('मालाडचा दगड. वेस्टर्नचा माल सेंट्रलला!' हा विनोद ते स्वतःच करतात आणि स्वतःच हसतात.) सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटं आकाश निळं असतं आणि इमारतीवरचे दिवे लागलेले असतात. ही वीस मिनिटं गच्चीकरांच्या आयुष्यातली खरी मिनिटं. उरलेला काळ ऑफिस, संसार वगैरे.

ऑफिसातून ते नुकतेच निवृत्त झाले. नोकरीत असताना रोज सकाळी 8.17च्या फास्टने व्हीटीला उतरायचे, घुमटाखालून बाहेर पडायचे आणि मान वर न करता चालू लागायचे. "त्या अँगलला काय बघायचं?"

लोकलमध्ये चौथी सीट मिळाली, की गच्चीकर आपल्या कुळाचा इतिहास काढतात. जगातला सर्वांत जुना टिकलेला फोटो निसेफोर न्येप्सने 1826-27च्या सुमारास काढला. कुठून? घराच्या वरच्या मजल्यावरच्या खिडकीतून! 1838 साली दागेरने पॅरिसच्या रस्त्याचा फोटो काढला. कुठून? पुन्हा वरूनच! 1858 साली नादार बलूनमध्ये बसला आणि आकाशातून फोटो काढणारा पहिला माणूस ठरला. इथपर्यंत येईतो घाटकोपर आलेलं असतं, आणि समोरचा प्रवासी उतरायचं नसतानाही उठून दारात जाऊन उभा राहतो.

यातला दागेरचा फोटो त्यांना फार प्रिय. त्या काळी एक फोटो घ्यायला कित्येक मिनिटं लागत. तेवढ्यात रस्त्यावरून गेलेली माणसं, घोडे, गाड्या फोटोत उमटल्याच नाहीत. उमटला तो एका जागी थांबून बूट पॉलिश करून घेणारा एक इसम. पॅरिसचा भरगच्च रस्ता, आणि माणूस औषधापुरता! गच्चीकरांना व्हीटीसमोरचा चौक असाच हवा होता. एका संध्याकाळी त्यांनी भिंगावर काळी काच चढवून, शटर मिनिटभर उघडं ठेवून तो प्रयोग केला. गर्दी खरोखर पुसली गेली. बसही नाहीत, माणसंही नाहीत. फक्त चौकाच्या मधोमध एक बंद पडलेली टॅक्सी आणि तिच्या बॉनेटला टेकून उभा असलेला तिचा मालक, दोघं अत्यंत सुस्पष्ट.

मात्र त्यांचं खरं कर्तृत्व फोटोत नसून फोटोच्या जागेपर्यंत पोचण्यात आहे. फोर्टातल्या खिडक्यांची त्यांच्याइतकी खानेसुमारी पोस्टमननेही केली नसेल. कुठल्या जिन्याला कठडा नाही, कुठली लिफ्ट तिसऱ्यालाच थांबते, कुठल्या गच्चीवर कबुतरं आहेत आणि कुठल्या गच्चीवर चावणारा कुत्रा, सगळं मुखोद्गत. एका दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीवर मागे रेललं, की घुमट बरोबर खिडकीच्या चौकटीत येतो. त्या खुर्चीपायी गच्चीकरांनी एक धडधाकट दाढ तपासायला दिली. डॉक्टर म्हणाले, "दुखतंय कुठे?" हे म्हणाले, "जरा डावीकडे सरका." एका विमा एजंटाचं ऑफिस पाचव्या मजल्यावर होतं, गच्चीकरांच्या नावावर आज ज्या पॉलिशा आहेत, त्यातल्या निम्म्या त्या खिडकीच्या आहेत. पुतण्याला एक मुलगी सांगून आली, तेव्हा शिक्षण, पत्रिका, गोत्र राहिलं बाजूला. यांचा पहिला प्रश्न: "मुलीचे वडील कुठल्या मजल्यावर बसतात?" वडील फोर्टात होते, पण तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये. गच्चीकरांनी त्या स्थळात लक्षच घातलं नाही. लग्न झालं, ते यांच्याशिवाय.

वॉचमन ही त्यांच्या लेखी सर्वांत मोठी संस्था. "साहेबांना विचारू नका. साहेब 'अर्ज करा' म्हणतात. वॉचमनला विचारा." म्हणून बॅगेत लेन्सच्या बाजूला पेढ्यांचा पुडा असतो. कुठल्या वॉचमनचं गाव जौनपूर, कुणाचं दापोली, कुणाच्या मुलीची बारावी आहे, कुणाच्या आईचा मोतीबिंदू निघाला, याची नोंद त्यांच्याकडे शटर स्पीडच्या नोंदीशेजारीच, त्याच वहीत. मी ती वही पाहिली आहे. 'एफ 8, 1/125, मिश्राजींना गुडघ्याचं तेल.'

"चाचा, दस मिनट का काम है," असं सांगून ते वर जातात आणि अंधार पडल्यावर खाली येतात. तोवर मिश्राजींची ड्यूटी संपून दुसरा आलेला असतो. तो चोर समजून धरतो. मग पुन्हा पेढा.

या सगळ्या गच्च्यांच्या वर एक गच्ची आहे. इमारतीचं नाव सांगत नाही, कारण प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. गच्चीकरांच्या हिशेबाने ती बरोबर त्या उंचीवर आहे, जिथून घुमटावरच्या पुतळ्याच्या डोळ्याला डोळा भिडेल. तो पुतळा प्रगतीचा. उजव्या हातात उंच धरलेली मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. खालून चालणाऱ्याला दिसते ती मशाल, फार तर हनुवटी. प्रगतीचा चेहरा मुंबईकराने पाहिलेलाच नाही, असं गच्चीकरांचं म्हणणं, आणि ते ऐकून मलाही क्षणभर वाईट वाटलं होतं. बाई 1893 पासून, म्हणजे समोरची महापालिकेची इमारत उभी राहिली तेव्हापासून, त्या इमारतीच्या तोंडावर मशाल धरून उभी आहे. काय वाटत असेल तिला?

तर त्या गच्चीच्या दाराला कुलूप आहे. कुलपाला लाखेचं सील आहे. मालकांच्या दोन घराण्यांत दावा चालू असून किल्ली कोर्ट रिसीव्हरकडे आहे. दुसरा कुणी असता तर त्याने नाद सोडून दिला असता. गच्चीकर तारखांना जायला लागले. मागच्या बाकावर बसतात, दोन्ही बाजूंना सारखाच नमस्कार करतात. पहिल्या घराण्याला वाटतं हे दुसऱ्यांचे, दुसऱ्यांना वाटतं पहिल्यांचे. एका पक्षाच्या ज्युनिअर वकिलाला मागची तारीख आठवेना, ती यांनी मागून सांगितली. न्याय कुणाला मिळावा याबद्दल त्यांचं काही मत नाही. किल्ली सुटावी, एवढंच. मध्ये मी विचारलं, "काय झालं आज?" तर म्हणाले, "तारीख पडली. पण अहो, हायकोर्टाचा तो मधला मनोरा पाहिलात? तिथून ओव्हल काय दिसत असेल!"

नगरपालिकेबद्दल (ते महापालिकेला नगरपालिका म्हणतात) त्यांची तक्रार वेगळी. स्टेशनचा फोटो काढायला लोक रस्त्याच्या मधोमध उभे राहतात म्हणून महापालिकेने आपल्या मुख्यालयाच्या कोपऱ्यावर एक सज्जा बांधला. लोक तिथे हौसेने जातात, स्टेशनकडे पाठ करून स्वतःचे फोटो काढतात. गच्चीकर एकदा गेले, पायऱ्या चढले आणि लगेच खाली आले. "ही उंची? आमच्या घरी सत्यनारायणाचा चौरंग बरा!"

2021 साली खुद्द महापालिकेच्या इमारतीत शनिवार-रविवारी वारसा फेरी सुरू झाली, तेव्हा मात्र त्यांनी लगोलग नाव घातलं. ही इमारतही स्टेशनच्याच वास्तुकाराची, फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सची. तिथला वाटाड्या कळकळीने जिना दाखवत होता, रंगीत काचा दाखवत होता, सभागृह दाखवत होता. सगळी मंडळी आ वासून वर बघत होती. गच्चीकर प्रत्येक दालनात थेट खिडकीकडे. शेवटी वाटाड्या म्हणाला, "काका, आपण ही इमारत बघायला आलोय." काका म्हणाले, "तुम्ही बघा. मी त्याच माणसाची बघतोय, पलीकडची."

उंचीची त्यांना पहिली चटक लागली ती बेस्टच्या दुमजली बसमध्ये. वरच्या मजल्यावर सर्वांत पुढची, काचेसमोरची सीट. मुंबईत या बस 1937 साली आल्या, आणि जुन्या डिझेलवाल्या 2023च्या सप्टेंबरात गेल्या. त्या दिवशी हार घालायला जी गर्दी झाली, तीत गच्चीकरही होते. दुमजली बस अजून आहेत, विजेवरच्या, वातानुकूलित. पण त्यांची काच उघडत नाही. काचेतून काढलेल्या फोटोत आपलंच प्रतिबिंब येतं, आणि आपण फोटोत येणं हा गच्चीकरांच्या मते फोटोग्राफीतला सर्वांत मोठा दोष आहे. वरून उघडी असलेली ती नीलांबरी बसही त्याच वर्षी गेली. त्यानंतर काही दिवस ते जेवले, पण मन लावून नाही, असं वहिनी सांगतात.

पुतण्याने (झालं गेलं विसरून) एकदा ड्रोन आणला. म्हणाला, "काका, कशाला चढउतार करता? हा चार मिनिटांत प्रगतीच्या नाकासमोर नेतो." आधी गच्चीकरांनी कायदा सांगितला. 2021ची ड्रोन नियमावली, पोलिसांचे मनाई हुकूम, हाकेच्या अंतरावर पोलीस आयुक्तालय, पलीकडे नौदल. मग खरं कारण सांगितलं. "अरे, यात ओळख कुणाशी होणार?"

पुतण्याला ते कळलं नाही. मला थोडंसं कळलं. कारण गेल्या इतक्या वर्षांत गच्चीकरांनी कुठेही फोटो छापायला दिलेला नाही, प्रदर्शन भरवलेलं नाही. प्रत्येक फोटोत काहीतरी उणं निघतं. कधी वायर आडवी येते, कधी दर्शनी बाजूला दुरुस्तीची परांची बांधलेली असते, कधी पंधरा ऑगस्ट येतो आणि इमारत तीन रंगांत उजळते. तिला रंगवायची गरजच काय, हा त्यांचा सवाल. "पुन्हा जावं लागणार," असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःखाचा मागमूस नसतो. उद्या खरोखरच निर्दोष फोटो मिळाला, तर मिश्राजींच्या गुडघ्याचं काय, दाढेचं काय आणि दाव्याच्या तारखांचं काय?

त्यांना एकदा मी जमिनीवरून स्टेशन दाखवलं. हट्टानेच. रविवारी दुपारी, गर्दी जरा कमी असताना. फाटकाच्या खांबांवरचा सिंह आणि वाघ दाखवले; सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. वाघ त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. वरून तो दिसतच नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी घडवलेली दगडातली पानंफुलं, पक्षी, प्राणी दाखवले. हे स्टेशन बांधणाऱ्या जीआयपी रेल्वे कंपनीच्या संचालकांचे मुखवटे दर्शनी भिंतीवर आहेत. त्यांतले जमशेटजी जिजीभाई दाखवले आणि जगन्नाथ शंकरशेट, आपले नाना, दाखवले. 1878 ते 1887, दहा वर्षं खपून, त्या काळचे सोळा लाखांच्या आसपास रुपये ओतून हे जे उभं केलं, ते पायी आणि घोडागाडीतून येणाऱ्या माणसाने मान वर करून थक्क व्हावं म्हणून. कुणी समोरच्या इमारतीच्या टाकीवर चढून बघेल, हे स्टीव्हन्सच्या ध्यानीमनी नसणार. हे सगळं मी बोललो. जरा जास्तच बोललो.

गच्चीकरांनी शांतपणे ऐकून घेतलं. नाना शंकरशेटांकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण ही इमारत इंग्रजी सी अक्षराच्या आकाराची आहे, दोन पंख आणि मधे बाग, हे तुम्हाला इथून दिसतंय का?"

दिसत नव्हतं. इथून दिसत होती ती एक बाजू, बागेचं कुंपण आणि कुंपणाला टेकून डबा खाणारा एक शिपाई.

"मग," ते म्हणाले, "आणि ते नाना कुणाकडे बघताहेत, ते बघायला समोरून त्यांच्या उंचीवर जायला पाहिजे. दुसरा मजला पुरेल. तिथे एक झेरॉक्सवाला होता माझ्या ओळखीचा." आणि सिग्नल हिरवा असतानाच रस्ता ओलांडायला लागले. टॅक्सीवाल्याने जे ऐकवलं, ते त्यांच्या कानावर गेलं नाही. त्यांची नजर वरच होती, पलीकडच्या खिडक्यांत.

वहिनींचं मत मी मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण माझ्या मते तेच खरं आहे. "दारू नाही, पत्ते नाहीत, रेस नाही. गच्चीवर असतात. एकच म्हणणं आहे माझं: एवढे चढता, तर दिवाळीत माळ्यावरही चढा."

तेव्हा फोर्टात ज्यांचं ऑफिस चौथ्या मजल्याच्या वर आहे आणि खिडकी स्टेशनकडे उघडते, त्यांना एक विनंती. खांद्याला काळी बॅग आणि हातात पेढ्यांचा पुडा घेऊन एक साठीचे गृहस्थ दारात आले, आणि कामाचं काही न बोलता तुमच्या खांद्यावरून खिडकीबाहेर बघू लागले, तर 'गच्ची बंद आहे' असं सांगू नका. ते कोर्टात जातील. चहा पाजा, वर न्या, कठड्यापाशी जरा लक्ष ठेवा. आणि उतरताना किल्ली परत मागून घ्या.